विचारायचं ना!

“काकू, विचारायचं ना!”

गेल्या दोन वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू येतं. बोलणारा मुलगा वाईट नसतो. आवाजात अदब असते, चेहरा ओशाळलेला असतो, एखादा तर उठून उभाही राहतो. फक्त त्याआधीची दहा-अकरा मिनिटं तो बेंचवर बसून मोबाइलवर रील वर ढकलत असतो आणि मी त्याच्यापासून चार फुटांवर, नॅपकिन या हातातून त्या हातात करत उभी असते. मी तिथे काय बसची वाट बघत असते? बरं, मी त्याला दिसत नाही म्हणावं, तर समोर भिंतभर आरसा आहे. त्या आरशात तो दर मिनिटाला स्वतःचे दंड बघतो आणि दंडांच्या मागे मी असते. तरी शेवटी चूक कुणाची ठरते? माझी. मी विचारलं नाही.

आमच्या भागातली ही सार्वजनिक व्यायामशाळा. खाली वाचनालय, वर जिम, महिन्याला चारशे रुपये. चौपन्नाव्या वर्षी हाडांची तपासणी झाली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसतं चालून भागायचं नाही, वजनं उचला. म्हणून मी आले. छातीचा बेंच एक, केबलचं मशीन एक, लॅट पुलडाउन एक, डंबेलचा रॅक एक. त्यातल्या साडेसात किलोच्या जोडीतला एक डंबेल कित्येक महिन्यांपासून विधुर आहे. आणि सकाळी सहा ते आठ या वेळात माणसं चाळीसच्या घरात. इतक्या थोड्या वस्तू इतक्या हातांनी कशा वापरायच्या, याचं काही ठरवायला हवं, असं मी दोन-तीनदा बोलून दाखवलं. त्यावर जी उत्तरं आली, ती ऐकून गप्प बसणं मला जमलं नाही.

उत्तरांचं गाठोडं थोडक्यात असं. फी भरलीय, तेव्हा माझं होईपर्यंत मशीन माझं. मध्ये कुणी घुसलं की लय तुटते, प्लेटा बदलाव्या लागतात, अंग थंड पडतं. दोन सेटच्या मध्ये विश्रांती घ्यायचीच असते. ते शास्त्र आहे, काकूंना ठाऊक नसेल. प्लेटा जागेवर ठेवायला आणि घाम पुसायला माणूस ठेवलाय, त्याचा पगार आमच्याच फीतून जातो. हे नॅपकिन अंथरणं, पुसणं, ‘आधी तुम्ही’ करणं, सगळे परदेशी चोचले. आपण मातीत घुमणारी माणसं. आणि एवढं करून कुणाला फारच घाई असेल, तर देवाने तोंड दिलंय. विचारायचं ना!

फीपासून सुरू करते, कारण ते गाठोड्यातलं सगळ्यात पोकळ उत्तर आहे.

चारशे रुपये त्याने भरले, मीही भरले, जिन्यापाशी बूट बदलणाऱ्या पोरानेही भरले. प्रत्येकाच्या चारशेला जर अख्खा बेंच मिळायचा असेल, तर चाळीस बेंच आणा आणि खालच्या वाचनालयातली कपाटं हलवा. आपल्याकडे खिडकीतून रुमाल टाकून एसटीतली जागा धरायची जुनी कला आहे. ती कला आता वरच्या मजल्यावर आलीय. बेंचवर पाण्याची बाटली, लॅट पुलडाउनच्या सीटवर टॉवेल, केबलच्या हँडलला अडकवलेला हेडफोन, आणि या तिन्ही संस्थानांचे अधिपती चौथ्याच कोपऱ्यात डंबेल घेऊन उभे. सुपरसेट चाललाय म्हणे. एसटीत निदान एका रुमालावर एकच जागा धरली जायची आणि रुमालाचा मालक धक्के खात येऊन तिथे बसायचा तरी. सकाळी सात वाजता, ऐन गर्दीत, एका माणसाने तीन मशीनं अडवून ठेवायची आणि त्याला व्यायामाचा प्रकार म्हणायचं? मग मीही चार खुर्च्यांवर पर्स ठेवून लग्नात जेवायला बसते.

आणि कारण जर फी हेच असेल, तर जिथे फी नाही तिथे काय होतं? बागेतली ओपन जिम बघा. नगरसेवकाचं नाव ठसठशीत, यंत्र कसं वापरावं याची सूचना मुंगीच्या अक्षरात. पायांनी ढकलायच्या यंत्रावर एक गृहस्थ रोज संध्याकाळी बसून राज्याचं मंत्रिमंडळ बनवतात. पाय जमिनीवर, यंत्र जागच्या जागी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी शेजारच्या बाकड्यावर त्यांचा शपथविधी संपायची वाट बघतात. तिथे कुणी छदाम दिलेला नाही, तरी मालकी तीच. म्हणजे फी हे कारण नव्हतंच. आधी ठाण मांडायचं आणि मग खिशात पावती सापडते का बघायची, असा तो क्रम आहे.

आता विश्रांतीचं शास्त्र. ते खरं आहे. या लेखात मी दोनच गोष्टी मान्य करणार आहे, त्यातली ही पहिली. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनने २००९ साली काढलेल्या मार्गदर्शनात मोठ्या आणि जड व्यायामांना दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती घ्या, असंच सांगितलंय. पण ती विश्रांती छातीला सांगितलीय की बेंचला? बेंच दमत नाही. तुझे चार सेट, प्रत्येक सेट चाळीस सेकंदांचा, म्हणजे वजन खरोखर हातात आहे असा वेळ दोन मिनिटं चाळीस सेकंद. मधल्या तीन विश्रांत्या तीन-तीन मिनिटांच्या, म्हणजे नऊ मिनिटं. पावणेबारा मिनिटांतली नऊ मिनिटं तो बेंच खुर्ची म्हणून वापरला जातोय, आणि खुर्च्या बाहेर व्हरांड्यात सहा पडल्यात. त्याच बारा मिनिटांत तिघांनी आलटून पालटून मारलं, प्लेटा बदलायला वीस सेकंद धरली, तर तिघांचेही चार-चार सेट होतात आणि प्रत्येकाला मध्ये दोन मिनिटं दम खायला मिळतात. कॉलेजने सांगितलेलीच दोन मिनिटं. एका तासात पाच माणसांऐवजी पंधरा. हा हिशेब करायला शास्त्र लागत नाही, चौथीचं गणित पुरतं.

मला तर तेही लागलं नाही, कारण मी वाड्यात वाढले. अठरा बिऱ्हाडं, एक नळ, पाणी पहाटे साडेचार ते साडेसहा. हंड्यांची रांग लागायची, नंबरावरून भांडणं व्हायची, एकमेकींच्या माहेराचा उद्धार व्हायचा, एकदा तर कळशी फेकून मारल्याचं मी पाहिलंय. म्हणजे आम्ही फार सभ्य होतो असा दावा नाही. पण हंडा भरला की नळाखालून काढायचा आणि दुसरीचा लावायचा, यावर कधी भांडण झालं नाही. भरलेला हंडा नळाखाली तसाच ठेवून, वरून पाणी वाहतंय, आणि ही बाई ओट्यावर बसून म्हणतेय, “जरा दम खाते, अजून तीन हंडे भरायचेत माझे, मध्ये कुणी लावलं तर माझी लय तुटते” – असं दृश्य डोळ्यांपुढे आणून बघा. आमच्या वाड्यात त्या हंड्याचं काय झालं असतं ते मी इथे लिहीत नाही. आणि रांगेतली बाई गप्प उभी राहिली म्हणून कुणी तिला “विचारायचं ना” म्हणालं नसतं. रांगेत उभं असणं हेच विचारणं असतं.

लय तुटते, हा युक्तिवाद मला मनापासून आवडतो. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, बर्मिंगहॅमला, सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण गेलं मलेशियाच्या खेळाडूकडे, २४९ किलोवर. एका किलोचा फरक. आणि मंचावर रॉड किती होते? एक. गटातले सगळे त्याच एका रॉडवर उचलतात. मदतनीस प्लेटा चढवत जातात, नाव पुकारलं की एका मिनिटात वजन उचलायला लागतं. लागोपाठ आपलीच पाळी आली तर दोन मिनिटं मिळतात, बस. सरावाच्या खोलीत प्रत्येकाला वेगळी फळी असते हे मला माहीत आहे, पण पदकं त्या खोलीत देत नाहीत. एक-एक किलोसाठी झुंजणाऱ्या माणसांची लय एकाच रॉडवर तुटत नाही, आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या वीरांची, ज्यांना पुढच्या महिन्यात मित्राच्या हळदीला घट्ट टी-शर्ट घालायचाय, त्यांची तेवढी तुटते?

प्लेटांचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती सांगते. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. बेंचवरचा वीर आपले सेट संपवून निघून गेला. रॉडवर दोन्ही बाजूंना वीस-वीसच्या दोन-दोन प्लेटा तशाच. आमचा बेंच जुना आहे, रॉड टेकवायचे त्याचे खांब एकमेकांच्या फार जवळ आहेत आणि रॉडही हलकाच आहे. मला लावायच्या होत्या पाच-पाच किलो. मी उजवीकडची पहिली प्लेट काढली, पोटाशी धरून रॅकपर्यंत नेली, परत आले, दुसरी काढली. ती हातात आली त्याच क्षणी रॉडचं उजवं टोक माझ्या कानाजवळून वर गेलं, डावीकडच्या चाळीस किलोंनी सगळा रॉड त्या बाजूला ओढून घेतला आणि फरशीवर असा आवाज झाला, की खालून वाचनालयातले गृहस्थ वर आले. फरशी फुटली. माझा कान वाचला, तोही मी प्लेटच्या वजनाने जरा वाकले होते म्हणून. आणि सगळ्या खोलीने मला काय सांगितलं असेल? “काकू, दोन्ही बाजूंनी एक-एक काढायची असते. विचारायचं ना!” बरोबर आहे. एक-एक काढायची असते, हे आता मला कळलंय. पण ज्याने त्या चढवल्या, त्याला काढायच्या असतात हे कधी कळायचं? ऐंशी किलो छातीवरून ढकलणारा माणूस वीस किलो चार पावलं नेऊ शकत नाही? ही कुठली ताकद?

तर म्हणे त्यासाठी माणूस ठेवलाय. तो माणूस म्हणजे आमच्या मावशी. साठीच्या आहेत, पहाटे साडेपाचला येऊन झाडू-पोछा करतात आणि सहाला पुढच्या कामाला जातात. त्यांनी वीसच्या प्लेटा उचलून रॅकला लावायच्या अशी कल्पना असेल, तर व्यायामाची गरज नक्की कुणाला आहे ते तरी ठरवू या. आणि घाम? मावशी सहाला गेल्या. सहा ते आठ चाळीस पाठी त्या रेक्झिनवर टेकणार. पहिल्याचा घाम मावशींनी कसा पुसायचा, दूरध्वनीवरून?

यात नाजूकपणाचा भाग नाही. नायटा ज्याला झालाय त्याला विचारा. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे तो फार चिवट झालाय. त्वचारोगाचे डॉक्टर सांगतात की पूर्वी ज्या गोळ्यांनी पंधरा दिवसांत जायचा, त्यांना आता दाद देत नाही, आणि दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी तो आणखी पसरतो. घामट कातडी, घट्ट कपडे, सामायिक कापडं आणि पृष्ठभाग, हे त्याचं आवडतं माहेर. पाठीखाली स्वतःचा नॅपकिन अंथरायला आणि उठताना एकदा फिरवायला पाच सेकंद लागतात. गंमत बघा, नॅपकिन प्रत्येकाकडे असतो. जागा धरायला तो बेंचवर बरोबर पडतो. पाठ टेकायची वेळ आली की खांद्यावर जातो.

राहता राहिले परदेशी चोचले. या मुलांच्या टी-शर्टवर हनुमान असतो, गाडीवर ‘पैलवान’ लिहिलेलं असतं, म्हणून मला हा मुद्दा जास्त झोंबतो. तालमीत नक्की काय चालायचं ते यांनी कधी बघितलंय? हौदा एक. त्यातल्या मातीत ताक, तेल, हळद, कापूर घालायचा, तो उगाच वास यावा म्हणून नव्हे. अंगाला अंग लागणार, घाम मिसळणार, हे जाणून घालायचा. ती माती खोऱ्याने उकरून तयार करायचं काम धाकट्या पैलवानांकडे, पण ज्याने उकरली त्याची ती होत नसे. मल्लखांब घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला हा खेळ मुळात एका खांबाचा आहे. एक खांब आणि पोरांची रांग. चढायचं, आपली पकड दाखवायची, उडी मारून खाली यायचं, रांगेच्या शेवटी जायचं. खांबावर बसून कुणी दम खात नाही. खाल्ला तर मागचा पोरगा पाय ओढेल. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं १९३६ साली बर्लिनला जाऊन भारतीय खेळ दाखवून आली, ती असल्याच शिस्तीत वाढलेली. म्हणजे रांग, पाळी आणि सामायिक वस्तूची निगा हे सगळं आपल्या मातीतलंच. बाहेरून आलेलं जर काही असेल, तर कानात बोळे घालून खोलीत आपण एकटेच असल्याचा आव आणणं, ते आहे.

दुसरी कबुली इथे देऊन टाकते. त्या तालमीच्या उंबऱ्यावरही मला कुणी उभं केलं नसतं. बाईला तिथे जागा नव्हती, आणि जुन्या काळाचे गोडवे गायचे माझ्या मनात नाहीत. आजच्या जिमने मला दार उघडलं, हे तिचं मोठेपण. आता दार उघडलंच आहे, तर आत बेंचही मोकळा करा, एवढंच.

आता शेवटी त्या लाडक्या वाक्याकडे येते. विचारायचं ना.

विचारलंय मी. दोन्ही कानांत बोळे असलेल्या माणसाला कसं विचारतात? रिक्षा थांबवतात तसा हात करावा लागतो. मग तो एका कानातला बोळा काढतो, “आँ?” म्हणतो, मी पुन्हा सांगते, तो म्हणतो, “दोनच सेट राहिलेत काकू.” हे दोन सेट म्हणजे द्रौपदीची थाळी. पाच मिनिटांनी विचारा, दोनच. दहा मिनिटांनी विचारा, दोनच. तरी मी पन्नाशी ओलांडलेली, नळावर वाढलेली बाई आहे, मला बोलायची लाज नाही. पण जूनमध्ये एक मुलगा यायला लागला होता. एकोणीस-वीस वर्षांचा, अंगाने चांगलाच जड, ढगळ शर्ट. पहिल्या दिवशी बेंचपाशी उभा राहिला, मग उगाच हात ताणले, मग पाणी प्यायला गेला. त्या एका तासात तो चार वेळा पाणी प्यायला. शेवटी ज्या पोटाच्या बाकड्याकडे कुणी फिरकत नाही त्यावर दहा मिनिटं काहीतरी करून घरी गेला. नवव्या दिवसानंतर आला नाही. त्याला कुणी हसलं नाही, कुणी हाकललं नाही. त्याने विचारलं नाही, एवढंच झालं. ज्याच्यासाठी ही जागा सगळ्यात जास्त गरजेची, तोच विचारायला सगळ्यात कच्चा असतो. आणि आपण नियम असा केलाय, की जो विचारेल त्यालाच मिळेल.

यावर कुणी म्हणेल, मुलांच्या लक्षात येत नाही हो, मुद्दाम नाही करत. हेही मी काही दिवस मानलं. मग एक सद्‌गृहस्थ यायला लागले. जिल्हा पातळीवर पॉवरलिफ्टिंग केलेले, मान नावाचा अवयव नाही, दंड माझ्या मांडीएवढे. ते दारातून आत आले की बेंचवरचा मोबाइल आपोआप खिशात जातो. हेडफोन गळ्यात येतो. “दादा, मारता का? बसा ना, मी नंतर मारतो.” नॅपकिन फिरतो. एकदा तर एकाने त्यांच्या प्लेटा आधीच लावून ठेवल्या, दोन्ही बाजूंना सारख्या. दादांनी आजवर कुणाला काहीही विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हणजे सगळं येतं. मागे कुणी उभं आहे हे आरशात दिसतं, मध्ये दुसऱ्याला मारू देता येतं, घाम पुसता येतो, वजनं काढता येतात, विश्रांती उभ्यानेही घेता येते. फक्त ते सगळं पंचेचाळीस सेंटिमीटरच्या दंडासाठी राखून ठेवलंय. मग मला अज्ञानाचं निमित्त सांगू नका, शास्त्राचं सांगू नका आणि फीचं तर नकोच नको. मला दादांपेक्षा जास्त काही नको आहे. मी मागे उभी राहिले की बसलेल्याने, मी तोंड उघडायच्या आधी, “मध्ये मारता का?” एवढं म्हणावं. मला म्हणावं, सत्तरीच्या आजोबांना म्हणावं, ढगळ शर्टवाला तो मुलगा परत आला तर त्याला सगळ्यात आधी म्हणावं. विचारायचं काम बसलेल्याचं आहे. उभ्या असलेल्याचं विचारून झालेलं असतं.

परवा सकाळी पुन्हा तोच बेंच, तोच आरसा, तीच रील. मी नॅपकिन पाठीखाली घालायला घडी करून घेतला, पुढे झाले आणि उजवीकडची पहिली प्लेट काढली. तो दचकून उठला. “काकू, अहो, विचार–”

“डावीकडची तू काढ,” मी म्हटलं. “एक-एकच. नाहीतर रॉड उलटतो.”